वजनाच्या रकान्यात काय लिहायचे?

वाचकहो, महिन्यापूर्वीची गोष्ट. रविवार होता. समाजमंदिरातली मुलांची अभ्यासिका उघडून आम्ही नुकतेच बसलो होतो. तोच आमच्या गल्लीतली एक माउली घाईघाईने आली आणि म्हणाली, "भाऊ, जरा घरी चला. पोरगं कालपास्नं पाणी पीत नाही. काही विचारलं की अंगावर येतंय."

आम्ही गेलो. मुलगा सोळा वर्षांचा, अकरावीला आहे. रोज पहाटे तालमीत जातो. वडील एका कारखान्यात कंत्राटी कामगार. भर दुपारी पत्र्याच्या खोलीत हा मुलगा अंगात दोन स्वेटर आणि वर पावसाळी कोट घालून बसला होता. ओठ फुटलेले, डोळे आत गेलेले.

"काका, मंगळवारी वजन आहे. ५१ किलोत नाव दिलंय आणि ५३ भरतंय. दोनच किलो उतरवायचं आहे."

"अरे, पण पाणी का नाही पीत?"

"पाण्याचंच तर वजन असतं, काका!" असे म्हणून त्याने मोबाईल आमच्यापुढे धरला. "हा बघा, डॅनियल कॉर्मियर. कॉलेजातला कुस्तीगीर. ह्यानंपण असंच वजन उतरवलं. दोन-दोन गटांचा चॅम्पियन झाला."

आम्हाला काय उत्तर द्यावे ते सुचेना. कारण गेल्या वर्षी ह्याच मुलाने तीन किलो उतरवून ४८ किलोत दुसरा नंबर आणला, तेव्हा समाजमंदिरात त्याच्या गळ्यात हार आम्हीच घातला होता. "दोन दिवस अन्नपाणी वर्ज्य केले, ह्याला म्हणतात जिद्द," असे भाषणही आम्हीच केले होते. तेव्हा त्या पावसाळी कोटाचे एक बटण आम्हीही लावले होते, हे आधी कबूल करतो.

आम्ही कारकून माणूस. नोकरी हिशेबाची, शिक्षण बी.कॉम. जमेची बाजू पाहून कागदावर सही करायची नाही, खर्चाचीही बाजू पाहायची, ही आमची सवय. मुलाने दाखवली ती जमेची बाजू होती. म्हणून आम्ही कॉर्मियरचे अख्खे खाते काढून वाचले. ते आज वाचकांपुढे मांडतो.

आधी हा खेळ कोणता ते सांगू. त्याला मिक्स्ड मार्शल आर्ट्स म्हणतात. आठ कोनांच्या जाळीच्या पिंजऱ्यात दोघे उतरतात. हातात बोटे उघडी राहतील असे पातळ मोजे. ठोसा चालतो, लाथ चालते, खाली पाडणे चालते, गळ्याला विळखा घालणेही चालते. पाच मिनिटांची एक फेरी. साध्या लढतीला तीन फेऱ्या, अजिंक्यपदाला पाच. यूएफसी ही त्यातली सर्वांत मोठी कंपनी. तिची पहिली स्पर्धा १९९३ साली अमेरिकेत डेन्व्हर येथे झाली. ह्या खेळात कुस्तीगिराचे पारडे जड का, हे आपल्या तालमीतल्या पोरालाही कळेल. ज्याला पट काढता येतो, लढत उभ्याने खेळायची की जमिनीवर, हे तोच ठरवतो.

डॅनियल कॉर्मियरचा जन्म २० मार्च १९७९ चा, अमेरिकेच्या दक्षिणेकडील लुईझियाना राज्यात लाफायेट ह्या गावी, एका कृष्णवर्णीय कुटुंबात. १९८६ च्या नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंग ह्या सणाच्या दिवशी त्याच्या वडिलांचा गोळी घालून खून झाला. गोळी झाडणारा त्यांच्या दुसऱ्या बायकोचा बाप होता. पोरगा अवघा सात वर्षांचा. त्याला आईने आणि सावत्र वडिलांनी वाढवले. 'सावत्र' हा शब्द आपल्याकडे तोंड वाकडे करून उच्चारला जातो, म्हणून ही नोंद मुद्दाम करतो.

शाळेत तो फुटबॉलही उत्तम खेळे, पण जीव कुस्तीत. लुईझियाना राज्याचे शालेय अजिंक्यपद त्याने तीनदा जिंकले. पुढे कॅन्सस राज्यातल्या कोल्बी येथील ज्युनिअर कॉलेजात गेला. तिकडचे ज्युनिअर कॉलेज म्हणजे आपली अकरावी-बारावी नव्हे. ते शाळेनंतरचे दोन वर्षांचे कॉलेज. तिथे दोन्ही वर्षे तो एकही कुस्ती हरला नाही आणि दोन्ही वर्षे देशातल्या ज्युनिअर कॉलेजांचा अजिंक्यवीर ठरला. तिथून कुस्तीसाठी नावाजलेल्या ओक्लाहोमा स्टेट युनिव्हर्सिटीत गेला. तिथे कुस्तीबरोबर समाजशास्त्राची पदवीही घेतली. कुस्ती आणि पदवी एकाच वेळी होते, हे ज्या घरात पटत नसेल त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

पण तिथेच त्याची गाठ केल सँडरसनशी पडली. हा सँडरसन कॉलेजच्या चार वर्षांत १५९ कुस्त्या खेळला आणि १५९ जिंकला. २००१ साली राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेच्या अंतिम कुस्तीत कॉर्मियर त्याच्यासमोर उभा राहिला आणि हरला. ती काही पहिली हार नव्हती. ह्याच माणसाकडून तो त्याआधीही पुनःपुन्हा हरला होता. आपल्या काळात आपल्या वजनात असा माणूस जन्माला यावा ह्याला कोणी काय करणार? दुसरा नंबर घेऊन तो घरी गेला.

जून २००३ मध्ये त्याची तीन महिन्यांची मुलगी मोटार अपघातात गेली. मागून मोठ्या ट्रकने धडक दिली होती. ह्या दुःखावर आम्ही जास्त लिहीत नाही. ज्यांच्या घरचा पाळणा रिकामा झाला आहे त्यांना सांगायला नको, आणि इतरांना सांगून कळणार नाही. एवढेच नोंदवतो की त्याच वर्षी तो जागतिक स्पर्धेत उतरला आणि पुढच्याच वर्षी, २००४ साली, अथेन्स ऑलिंपिकमध्ये ९६ किलो गटात खेळला. उपांत्य कुस्तीत रशियाच्या गात्सालोव्हने हरवले, ब्राँझच्या कुस्तीत इराणच्या हैदरीने. चौथा नंबर. २००७ मध्ये बाकू येथे जागतिक स्पर्धेचे ब्राँझ मात्र मिळाले.

आता त्या मुलाच्या मोबाईलने न दाखवलेले पान.

ऑगस्ट २००८, बीजिंग ऑलिंपिक. कॉर्मियर २९ वर्षांचा, अमेरिकेच्या कुस्ती संघाचा कप्तान. अथेन्सचे उसने फेडायची संधी. गट तोच, ९६ किलो. त्याचे अंगचे वजन त्याहून पुष्कळ जास्त. स्पर्धेपूर्वी त्याने वजन उतरवले ते इतके की शरीरातले पाणी आटले आणि मूत्रपिंडे बंद पडली. त्याला इस्पितळात न्यावे लागले. चार वर्षांची मेहनत, कप्तानपद, सगळे इस्पितळाच्या खाटेवर राहिले. बीजिंगमध्ये तो एकही कुस्ती खेळला नाही. सँडरसनशी हरला, गात्सालोव्हशी हरला, ती माणसांशी झालेली हार होती. बीजिंगला तो वजनकाट्याशी हरला. मॅटवर पाऊलही पडले नाही.

असे का होते? आमच्या ओळखीच्या एका डॉक्टरांनी साध्या शब्दांत सांगितले. दोन दिवसांत उतरलेले वजन चरबीचे नसते, बहुतांशी पाण्याचे असते. पाणी गेले की रक्त घट्ट होते आणि कमी पडते. हृदय जोरात चालू लागते. घाम येईनासा झाला की अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. मूत्रपिंडांना पुरेसे रक्त पोचले नाही की ती काम थांबवतात. त्यात वर स्वेटर आणि प्लास्टिकचा कोट घालून धावणे म्हणजे इंजिनात पाणी नसताना गाडी घाटात घालणे.

आणि ही केवळ मूत्रपिंडाची गोष्ट नाही. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात, सुमारे एका महिन्यात, अमेरिकेतल्या तीन वेगवेगळ्या कॉलेजांतली तीन कुस्तीगीर मुले वजन उतरवता उतरवता मेली. शिकलेली, धडधाकट, तरुण मुले. पोटच्या पोरांची प्रेते पाहिल्यावर त्या देशाला जाग आली. १९९८ पासून कॉलेज कुस्तीचे नियम बदलले. रबरी-प्लास्टिकचे कपडे आणि वाफेच्या खोल्या बंद झाल्या. वजन कुस्तीच्या थोडेच आधी घेऊ लागले, म्हणजे आधी वाळायचे आणि मग रात्रभर पाणी पिऊन फुगायचे हा खेळच उरला नाही. प्रत्येक मुलाच्या शरीरातले पाणी तपासून त्याने कोणत्या वजनाच्या खाली जायचे नाही तेही ठरू लागले. त्या तीन मुलांचे बळी गेले त्या मोसमात कॉर्मियर स्वतः कॉलेजात कुस्ती खेळत होता. त्यानंतर अकरा वर्षांनी तोच बीजिंगच्या इस्पितळात पडला. दुसऱ्याच्या घरच्या मरणावरून माणूस किती थोडे शिकतो!

आता जमेची बाजू. तीही खरीच आहे, आणि थोर आहे.

बीजिंगनंतर एखादा माणूस संपला असता. सप्टेंबर २००९ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, कॉर्मियरने ह्या नव्या खेळातली पहिली व्यावसायिक लढत खेळली. ज्या वयात आपल्याकडे "आता काय राहिलं?" म्हणतात, त्या वयात तो ठोसा मारायला शिकत होता. कॅलिफोर्नियात सॅन होजे येथे प्रशिक्षक हाव्हिएर मेंडेझ यांच्या तालमीत तो दाखल झाला. तिथे केन व्हेलास्केझ हा दुसरा कॉलेज कुस्तीगीर त्याचा जोडीदार होता, आणि तो हेवीवेट गटातला अव्वल मल्ल. रोज त्याच्याशी झोंबायचे, मार खायचा, शिकायचे.

स्ट्राइकफोर्स ह्या कंपनीच्या हेवीवेट स्पर्धेत कॉर्मियरला मुळात जागाच नव्हती. एक नामांकित लढवय्या बाहेर पडला म्हणून बदली म्हणून ह्याला घेतले. बदली कामगाराने सप्टेंबर २०११ मध्ये अंतोनियो सिल्व्हा ह्या अजस्र माणसाला पहिल्याच फेरीत आडवा केला आणि १९ मे २०१२ रोजी अंतिम लढतीत अनुभवी जॉश बार्नेटला पाच फेऱ्या खेळून गुणांवर हरवले. स्पर्धा जिंकली बदलीवाल्याने. आमच्या वाचकांत बदली कामगार पुष्कळ आहेत, त्यांना ह्याची चव कळेल.

२०१३ साली तो यूएफसीत आला. तिथे हेवीवेटचा अजिंक्यवीर त्याचा मित्र व्हेलास्केझच होता. मित्राशी पट्ट्यासाठी लढायचे नाही म्हणून कॉर्मियरने स्वतःचा गट सोडला आणि खालच्या, म्हणजे सुमारे ९३ किलोच्या गटात गेला. ज्या काट्याने त्याला बीजिंगमध्ये आडवे केले, त्याच काट्यावर तो मैत्रीखातर पुन्हा चढला.

३ जानेवारी २०१५ ला लास व्हेगास येथे अजिंक्यपदासाठी जॉन जोन्सशी लढला आणि हरला. ही त्याची ह्या खेळातली पहिली हार. पुढे एका अपघाताच्या प्रकरणात जोन्सचा पट्टा काढून घेण्यात आला आणि रिकाम्या जागेसाठी २३ मे २०१५ रोजी कॉर्मियर अँथनी जॉन्सनसमोर उभा राहिला. जॉन्सनच्या ठोशाची सगळ्यांना दहशत. सुरुवातीलाच त्या ठोशाने कॉर्मियर जमिनीवर पडला. पण उठला, चिकटला, कुस्ती खेळला, समोरच्याला दमवले आणि तिसऱ्या फेरीत मागून गळ्याला विळखा घालून जिंकला. वय ३६. आयुष्यात पहिल्यांदा जगातला पहिला नंबर.

पण काटा पाठ सोडत नव्हता. एप्रिल २०१७, न्यूयॉर्क राज्यातले बफेलो शहर. लढतीच्या आदल्या दिवशी वजन ठरल्यापेक्षा सुमारे अर्धा किलो जास्त भरले. दोन-तीन मिनिटांनी तो परत काट्यावर आला. आडोशाला म्हणून पुढे टॉवेल धरला होता, त्यावर त्याचे दोन्ही हात टेकलेले, आणि वजन बरोबर भरले! टॉवेलवर भार दिला की काट्यावरचा आकडा उतरतो, हे भाजीवालीलाही कळते. जगभर बोंब झाली. दुसऱ्या दिवशी तो जिंकला, पण तो टॉवेल लोक विसरले नाहीत. हे आम्ही लपवत नाही. जो माणूस अथेन्स-बीजिंगपर्यंत सरळ चालत गेला, त्यालाही काट्याने टॉवेल धरायला लावला. माणूस माणूस म्हणून वाचावा; पूर्ण वाचावा.

त्याच वर्षी जुलैमध्ये जोन्सने त्याला डोक्यावर लाथ मारून बेशुद्ध केले. तो सगळ्यांसमोर रडला. नंतर जोन्सच्या तपासणीत बंदी असलेले औषध सापडले, तो निकाल रद्द झाला आणि पट्टा कॉर्मियरकडे परत आला.

आणि मग ७ जुलै २०१८. लास व्हेगास. कॉर्मियर ३९ वर्षांचा. समोर हेवीवेटचा अजिंक्यवीर स्टीपे मिओचिच, ह्याच्यापेक्षा उंच, लांब हातांचा. पहिल्याच फेरीत, चार मिनिटे तेहतिसाव्या सेकंदाला, कॉर्मियरच्या उजव्या हाताच्या ठोशाने मिओचिच कोसळला. एकाच वेळी दोन गटांचे पट्टे धरणारा यूएफसीच्या इतिहासातला तो दुसराच लढवय्या. पोराने मोबाईलवर दाखवला तो क्षण हाच.

आम्ही पोराला विचारले, "ह्या लढतीसाठी त्याने किती किलो उतरवले?" तो गप्प. हेवीवेटची मर्यादा सुमारे १२० किलोची. कॉर्मियरचे अंगचे वजन तिच्या आतच होते. त्याच्या आयुष्यातला सर्वांत मोठा विजय पोटभर जेवून, घटाघटा पाणी पिऊन मिळालेला आहे! उपाशी राहून ऑलिंपिक गेले आणि जेवून हेवीवेटचा पट्टा आला. हा हिशेब त्या मोबाईलवर नव्हता.

पुढे २०१९ आणि २०२० मध्ये मिओचिचकडून दोनदा हरून, ४१ व्या वर्षी तो निवृत्त झाला. एकूण २२ विजय, ३ पराभव, एक निकाल रद्द. २०२२ मध्ये यूएफसीने त्याला आपल्या मानाच्या यादीत घेतले. लढतींचे समालोचन तो करतोच. पण आम्हाला जास्त आवडले ते हे की कॅलिफोर्नियातल्या गिलरॉय गावच्या हायस्कुलात तो मुलांना कुस्ती शिकवू लागला.

आपल्या देशालाही हा काटा ठाऊक आहे. ७ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला ५० किलो गटाच्या अंतिम कुस्तीच्या सकाळी विनेश फोगाटचे वजन १०० ग्रॅम जास्त भरले आणि ती बाद झाली. त्या रात्री वजन उतरवण्यासाठी तिने काय काय सोसले ते साऱ्या देशाने वाचले. आपण १०० ग्रॅमवर हळहळलो. त्या १०० ग्रॅमच्या आधी किती किलो तिने उतरवले होते, ह्यावर फारसे कोणी बोलले नाही.

म्हणून पालकांना, विशेषतः ज्यांची मुले-मुली कुस्ती, ज्यूदो, बॉक्सिंग खेळतात त्यांना, आम्ही हात जोडून सांगतो. वाढत्या वयात वजन वाढणे हा आजार नाही. गेल्या वर्षीचा गट ह्या वर्षी राहीलच असे नाही. गट ठरवायचा तो फॉर्म भरायच्या आधी, पोराला पोटभर जेवू घालून, काट्यावर उभे करून. वजन कमी करायचेच असेल तर महिनोन्‌महिने आधी, जाणकाराला विचारून, थोडे थोडे. शेवटच्या दोन दिवसांत पाणी तोडून कधीच नाही. लघवी होण्याच्या गोळ्या घेऊ नयेत, त्या जिवालाही घातक आणि खेळाच्या नियमांतही निषिद्ध आहेत. लघवी गडद पिवळी किंवा तपकिरी झाली, पायात गोळे आले, भोवळ आली, तर स्पर्धा बाजूला ठेवून दवाखाना गाठावा. आणि आमच्यासारख्या व्यासपीठावरच्या मंडळींनी उपाशी पोराच्या गळ्यात हार घालताना आपली जीभ आवरावी.

त्या मुलाचे काय झाले? आम्ही त्याच्या तालमीच्या वस्तादांना भेटलो. नावे वर गेली होती, गट बदलून मिळेना. शेवटी मुलगा त्या स्पर्धेला गेलाच नाही. रडला. त्याच्या वडिलांनी कुस्तीचे बूट उसन्या पैशांनी आणले होते. ते पंधरा दिवस आमच्याशी बोलले नाहीत. रस्त्यात भेटले तर मान वळवून जात. त्यांचा राग खोटा होता असे आम्ही म्हणत नाही. एक वर्ष पोराचे गेले, ते आम्ही भरून देऊ शकत नाही.

गेल्या रविवारी बापलेक दोघे अभ्यासिकेत आले. हातात दुसऱ्या स्पर्धेचा फॉर्म होता. वडील म्हणाले, "साहेब, तुमचं अक्षर चांगलं आहे, तुम्हीच भरा." आम्ही नाव लिहिले, जन्मतारीख लिहिली, वजनाच्या रकान्यापाशी थांबलो आणि मुलाकडे पाहिले.

"सकाळी जेवून गेलो होतो काट्यावर," तो म्हणाला. "साडेत्रेपन्न भरलं, काका. ५५ चा गट लिहा."

आम्ही लिहिले. मग त्याची आई आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली, तो पहिल्यांदा त्याच्यापुढे गेला.